बॅटरीवरची अक्षरे वाचा

हट्टा हे वसमत तालुक्यातले गाव. या गावात एक गाडीवाले मामा राहतात. सारे गाव त्यांना मामाच म्हणते. मामांची काळीपिवळी गाडी आहे. हट्ट्याहून माणसे घेऊन ती वसमतला जाते. संध्याकाळी परत येते. या गाडीवरच मामांचे घर चालते.

पौषाचे दिवस होते. थंडी कडक पडली होती. पहाटे चारच्या सुमाराला मामांच्या दारावर थाप पडली. शेजारचा पोरगा धापा टाकीत उभा होता.

"मामा, उठा की! वहिनीला कळा सुरू झाल्यात. १०८ ला फोन लावला, पण त्यांची गाडी लांब हाय म्हणायलेत."

मामा तसेच उठले. अंगावर घोंगडी घेतली. गाडीत बसून त्यांनी किल्ली फिरवली. कट्ट असा आवाज झाला, आणि पुढे काही नाही. पुन्हा सेल्फ मारला. दिवे मंद झाले. इंजिन काही फिरेना.

वहिनीला बाजेवर बसवून आणले होते. तिची सासू रडकुंडीला आली. शेवटी गल्लीतली सहा-सात पोरे गोळा झाली. त्यांनी गाडीला धक्का दिला. पिंपळापर्यंत ढकलत नेल्यावर इंजिन एकदाचे धडधडले. गाडी वसमतला पोहोचली. सकाळी दवाखान्यात मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप राहिल्या.

मामा घरी आले ते कपाळाला हात लावून.

"नशीब म्हणून निभावलं," ते म्हणाले. "आता सात महिने नाही झाले बॅटरी घेऊन. नवी कोरी घेतली होती की!"

मामी साक्षरतेच्या वर्गाला जातात. त्यांनी चष्मा लावला आणि गाडीचे पुस्तक काढले. मग बॉनेट उघडायला लावून बॅटरीवरचे आकडे वाचले. पुस्तकात ७५ लिहिले होते. बॅटरीवर ४५ होते.

"आवं, गाडीला पाऊण घागर पाणी लागतं, तुम्ही तांब्या आणून दिलाय," मामी म्हणाल्या. "पावती कुठंय? वॉरंटीचं कार्ड कुठंय?"

"पावती नाही घेतली. दुकानदार म्हणला, बिनपावतीची घेतली तर चारशे कमी करतो."

झाले! चारशे वाचले आणि हजारो बुडाले. मामांनी बॅटरी पाहिली होती, पण बॅटरीवरचे वाचले नव्हते.

मंडळी, चूक मामांची एकट्याची नाही. आपल्यापैकी पुष्कळजण असेच करतात. दुकानात जातात, "गाडीची बॅटरी द्या" म्हणतात, आणि दुकानदार देईल ती घेऊन येतात. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा बॅटरीवर काय लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ काय, ते या पाठात पाहू.

बॅटरी म्हणजे काय?

बॅटरी ही वीज साठवण्याची पेटी आहे. पेटीत सहा खण असतात. प्रत्येक खणात शिशाचे पत्रे उभे केलेले असतात. भोवती पाणी मिसळलेले ॲसिड, म्हणजे तेजाब, असते. शिसे आणि ॲसिड यांची एकमेकांशी क्रिया होते. तिच्यातून वीज निघते. उलट बाहेरून वीज दिली की ही क्रिया मागे फिरते आणि बॅटरी पुन्हा भरते.

अशी पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी १८५९ साली फ्रान्स देशात गास्तों प्लांते या शास्त्रज्ञाने प्रथम तयार केली. त्या वेळी मोटारी नव्हत्या. पुढे मोटारी आल्या तेव्हा त्या लोखंडी हँडल मारून चालू कराव्या लागत. हँडल उलटे फिरले की माणसाचा हात मोडे. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या युक्तीने विजेवर चालणारा सेल्फ मोटारीत बसला. तेव्हापासून बॅटरीचे काम फार वाढले. आज आपल्या महाराष्ट्रातही मोटारीच्या बॅटऱ्या बनतात. पुण्याजवळ चिंचवडला तसा मोठा कारखाना आहे.

गाडीत बॅटरीचे मुख्य काम कोणते? इंजिन चालू करणे. सेल्फ मारला की काही क्षण बॅटरीतून विजेचा मोठा लोंढा निघतो. इंजिन चालू झाले की अल्टरनेटर नावाचे यंत्र वीज तयार करते. ते दिव्यांना वीज पुरवते आणि बॅटरीही भरून काढते. म्हणजे बॅटरी ही बियाण्याच्या कणगीसारखी आहे. पेरणीला काढायचे आणि रास झाली की पुन्हा भरून ठेवायचे.

डिझेलच्या गाडीला पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त जोराची बॅटरी लागते. डिझेलच्या इंजिनात हवा फार दाबली जाते. म्हणून ते फिरवायला ताकद जास्त लागते. मामांची गाडी डिझेलची. तिला लहान बॅटरी बसवली. उन्हाळ्यात, पावसाळ्यात कशीबशी चालली. थंडीत इंजिनातले तेल घट्ट होते आणि बॅटरीची आतली क्रियाही मंद होते. तिथे ती बॅटरी उताणी पडली.

आधी खात्री करून घ्या

गाडी चालू झाली नाही की लगेच बॅटरी बदलायला धावू नका. दोष दुसरीकडेही असू शकतो. आधी एवढे पाहा.

बॅटरीला वर दोन शिशाचे खुंट असतात. मिस्त्री लोक त्यांना टर्मिनल म्हणतात. त्यांच्यावर पांढरी किंवा हिरवट भुकटी जमली आहे का? तारांचे क्लॅम्प ढिले झाले आहेत का? तसे असेल तर वीज पुढे जात नाही. खुंट साफ करून क्लॅम्प घट्ट बसवले की कित्येक वेळा गाडी चालू होते. बॅटरी चांगली असते, आणि खर्चही काही होत नाही.

रात्री दिवे चालू राहिले होते का? समोरचे दोन दिवे मिळून सुमारे नऊ ॲम्पियर वीज खातात. ४५ आकड्याची भरलेली बॅटरी त्यावर पाच तासांत रिकामी होते. बॅटरी नुसती रिकामी झाली असेल तर ती चार्ज करून चालते.

अल्टरनेटरचा पट्टा ढिला आहे का? तो ढिला असला तर बॅटरी भरतच नाही. मग नवी बॅटरी बसवली तरी तीही आठ दिवसांत बसेल.

मिस्त्रीला मीटर लावायला सांगा आणि आकडा तुम्ही स्वतः वाचा. गाडी रात्रभर बंद होती आणि मीटर १२.६ दाखवतो, तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ दाखवतो, तर अर्धी राहिली. १२ च्या खाली गेला, तर रिकामी झाली असे समजा. मग इंजिन चालू करून पुन्हा पाहा. आता आकडा साधारण १३.५ ते १४.५ यांच्यामध्ये असावा. तेवढा चढला नाही, तर दोष अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा असू शकतो.

मीटर १२.६ दाखवतो, तरी सेल्फ मारताना बॅटरी दम सोडते, असेही होते. अशा वेळी दुकानात भार देऊन बॅटरी तपासतात. बॅटरी पूर्ण चार्ज करूनही या तपासणीत नापास झाली, तर मात्र ती संपली. नवी घ्या.

बॅटरी किती दिवस टिकते, असे पुष्कळ लोक विचारतात. सर्वसाधारणपणे तीन ते पाच वर्षे. पण आपल्याकडे वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. उष्णतेने बॅटरी आतून लवकर झिजते. उन्हाळ्यात झिजलेली बॅटरी हिवाळ्यात उघडी पडते. म्हणून दिवाळीच्या सुमाराला बॅटरी एकदा तपासून घ्यावी. थंडीतल्या पहाटे फजिती होत नाही.

पाच गोष्टी वाचा

नवी बॅटरी घ्यायला जाताना गाडीचे पुस्तक बरोबर न्या. पुस्तक नसेल तर जुन्या बॅटरीवरचे आकडे कागदावर उतरवून न्या. पण जुनी बॅटरीच चुकीची असू शकते, हे मामांच्या उदाहरणावरून आपण पाहिले. म्हणून पुस्तक असेल तर पुस्तकाचे खरे माना. पुस्तक हरवले असेल तर गाडीचे नाव, मॉडेल, साल आणि डिझेलची की पेट्रोलची, एवढे लिहून न्या. बॅटरीच्या कंपन्यांकडे कोणत्या गाडीला कोणती बॅटरी याची यादी असते. ती दुकानदाराला दाखवायला सांगा.

बॅटरीवर आकडे इंग्रजीत असतात. त्याला घाबरू नका. मोबाईलवर नंबर फिरवता ना? तेच हे आकडे.

आकड्यांचा अर्थ कळावा म्हणून पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ.

पहिली गोष्ट, व्होल्ट. टाकी किती उंचावर आहे, तसे व्होल्ट. टाकी उंच असली की नळाला पाणी जोराने येते. मोटारगाडीला १२ व्होल्टची बॅटरी लागते. मोठ्या ट्रकला आणि बसला २४ व्होल्ट लागतात. त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडतात. जुन्या काळी ६ व्होल्टच्याही गाड्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बनवलेली विलीज जीप ६ व्होल्टची होती. व्होल्टचा आकडा गाडीला हवा तोच पाहिजे. त्यात कमी-जास्त चालत नाही.

दुसरी गोष्ट, ॲम्पियर-अवर. टाकीत किती पाणी मावते, तसा हा आकडा. बॅटरीवर आकड्यापुढे इंग्रजी 'ए' आणि 'एच' ही अक्षरे असतात. ७५ लिहिले असेल तर त्याचा अर्थ असा की ती बॅटरी पावणेचार ॲम्पियर वीज वीस तास देऊ शकते. पावणेचार गुणिले वीस, झाले पंचाहत्तर. हाच तो आकडा, जो मामांनी वाचला नाही. हा आकडा गाडीला लागतो त्यापेक्षा कमी कधीही घेऊ नये.

मग फार मोठा घ्यावा काय? कोणी म्हणतो, "ट्रॅक्टरची बॅटरी टाका, टकाटक चालते." ऐकू नका. मोठी बॅटरी जागेवर नीट बसत नाही. ती भरायलाही वेळ जास्त लागतो. गाडी थोडे थोडे अंतरच चालत असेल तर मोठी बॅटरी नेहमी अर्धवट भरलेली राहते, आणि अर्धवट राहिलेली बॅटरी लवकर खराब होते. कंपनीने त्याच गाडीसाठी थोडी मोठी बॅटरी चालते असे सांगितले असेल, तर घ्यायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट, सुरुवातीचा जोर. टाकीत पाणी पुष्कळ आहे, पण तोटी बारीक आहे, तर घागर लवकर भरेल काय? तसेच इथे. सेल्फ मारताना बॅटरी एकदम किती वीज देऊ शकते, त्याचा आकडा वेगळा असतो. त्याच्याजवळ इंग्रजी 'सी सी ए' ही तीन अक्षरे असतात. हा आकडाही गाडीच्या पुस्तकाइतका किंवा त्याहून जास्त असावा. दोन बॅटऱ्यांचा ॲम्पियर-अवर सारखा असेल, तर डिझेलच्या गाडीला ज्या बॅटरीचा हा आकडा मोठा, ती बरी.

याच कारणाने घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी गाडीला लावू नये. इन्व्हर्टरची बॅटरी तासन्‌तास थोडी थोडी वीज द्यायला बनवलेली असते. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा लोंढा द्यायला बनवलेली असते. बैल नांगराचा वेगळा आणि शर्यतीचा वेगळा, तसे हे आहे. एकाचे काम दुसऱ्याला सांगू नये.

चौथी गोष्ट, माप आणि खुंटांची बाजू. बॅटरीची लांबी, रुंदी, उंची जुनीइतकी हवी. ती खालच्या पट्टीत घट्ट बसली पाहिजे. खडबडीत रस्त्यावर बॅटरी हलत राहिली तर आतले शिशाचे पत्रे सुटतात. उंच बॅटरी असेल तर खुंट बॉनेटच्या पत्र्याला लागून ठिणगी उडते.

खुंटांवर अधिक (+) आणि उणे (−) या खुणा असतात. बेरीज-वजाबाकीच्या खुणा त्याच ह्या. जुन्या बॅटरीत अधिकचा खुंट डावीकडे आहे की उजवीकडे, ते पाहून ठेवा. नव्या बॅटरीतही तो त्याच बाजूला हवा. बाजू उलटी असेल तर तार पोहोचत नाही. ओढूनताणून लावली तर ती घासून तुटते. आणि चुकून अधिकची तार उण्याला लागली, तर फ्यूज उडतात आणि अल्टरनेटरही जळू शकतो.

पाचवी गोष्ट, तयार झाल्याची तारीख. बॅटरी दुकानात नुसती पडून राहिली तरी हळूहळू रिकामी होते. फार दिवस रिकामी राहिली की शिशाच्या पत्र्यांवर पांढरा थर धरतो, मग ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या आत तयार झालेली बॅटरी मागा. सहा महिन्यांच्या वरची असेल तर ती नको म्हणा. काही कंपन्या तारीख सरळ लिहीत नाहीत, खुणेची अक्षरे लिहितात. ती वाचून दाखवायला दुकानदाराला सांगा आणि तारीख पावतीवर लिहून घ्या.

आणखी एक. अलीकडच्या काही गाड्या चौकात थांबल्या की इंजिन आपोआप बंद करतात आणि निघताना पुन्हा चालू करतात. अशा गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम नावाची खास बॅटरी लागते. गाडीच्या पुस्तकात हे नाव असेल तर तीच घ्या. साधी बॅटरी तिथे लवकर बसते.

पावती आणि कार्ड

बॅटरीवर वॉरंटी असते. वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेला शब्द. हा शब्द कागदावर हवा. तोंडी शब्दाला दुकानात किंमत नाही.

कार्डावर कधी २४ अधिक २४ असे लिहिलेले असते. दुकानदार म्हणतो, "चार वर्षांची गॅरंटी." पण नीट वाचा. पहिल्या २४ महिन्यांत बॅटरी आपल्या दोषाने बिघडली, तर नवी फुकट मिळते. पुढच्या २४ महिन्यांत फुकट मिळत नाही. नव्या बॅटरीच्या किमतीत फक्त काही सूट मिळते, आणि ती सूट दर महिन्याला कमी होत जाते. तेव्हा "फुकट किती महिने आणि सुटीचे किती महिने?" हा प्रश्न विचारा.

आता एक हिशेब करू. समजा, एक बॅटरी ३,६०० रुपयांची आहे आणि ती १८ महिने फुकट बदलून मिळते. दुसरी ५,४०० रुपयांची आहे आणि ती ३६ महिने फुकट बदलून मिळते. पहिलीचा महिन्याचा खर्च २०० रुपये पडला. दुसरीचा १५० रुपये पडला. मग स्वस्त कोणती? हातात घेताना पहिली स्वस्त वाटते. वापरताना दुसरी स्वस्त पडते. मात्र दोन्ही आपल्या गाडीच्या मापाच्या असल्या तरच हा हिशेब करायचा. चुकीच्या मापाची बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी महागच.

कार्डावर बॅटरीचा नंबर, गाडीचा नंबर, विकल्याची तारीख आणि दुकानाचा शिक्का हवा. कार्डावरचा नंबर आणि बॅटरीवरचा नंबर एकच आहे ना, हे स्वतः ताडून पाहा. आता बरीच दुकाने ही नोंद मोबाईलवर करतात. तरीही पक्की पावती घ्या. घरी आल्यावर पावती आणि कार्ड गाडीच्या कागदांबरोबर पिशवीत ठेवा. टपावर, खिशात, उशाखाली ठेवू नका.

बसवताना आणि वापरताना

बॅटरी मिस्त्रीकडून बसवून घ्यावी. पण तो काय करतो ते आपल्याला कळले पाहिजे. आधी इंजिन आणि दिवे बंद करावे. जुनी काढताना उण्याची तार आधी काढतात, अधिकची नंतर. नवी बसवताना अधिकची आधी लावतात, उण्याची शेवटी. असे का? बहुतेक गाड्यांत उण्याची तार गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते. ती लावलेली असताना अधिकच्या खुंटावरचा पाना पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते.

बॅटरीतून जळणारा वायू निघतो. म्हणून तिच्याजवळ विडी, काडी, दिवा नेऊ नये. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर बराच वेळ पाण्याने धूत राहावे आणि तडक दवाखाना गाठावा.

बॅटरीला झाकणे असतील तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाणी पाहावे. कमी झाले तर दुकानात मिळणारे शुद्ध पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, खुणेपर्यंत घालावे. विहिरीचे किंवा हापशाचे पाणी घालू नये. त्यातल्या क्षारांनी बॅटरी खराब होते. वरून ॲसिडही घालू नये. काही बॅटऱ्या बंद असतात. त्यांना पाणी घालावे लागत नाही. खुंटांवर थोडे व्हॅसलीन लावले तर भुकटी जमत नाही.

जुनी बॅटरी घरी ठेवू नका

जुन्या बॅटरीला मोल असते. तिच्यातले शिसे वितळवून नवी बॅटरी बनते. म्हणून जुनी दिली की दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीत पैसे वजा करतो. किती केले, ते पावतीवर लिहून घ्या.

पण ती फोडून शिसे काढण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. शिसे विषारी असते. त्याची धूळ आणि धूर अंगात गेला की लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. गरोदर बाईलाही त्याचा अपाय होतो. ॲसिड ओतलेल्या जमिनीत पीक येत नाही, आणि ते झिरपून विहिरीपर्यंत जाऊ शकते. २०२२ साली केंद्र सरकारने वापरलेल्या बॅटऱ्यांविषयी नवे नियम केले. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा माल पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी त्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. आपले काम एवढेच, की बॅटरी कचऱ्यात न टाकता, भंगारात न फोडता, दुकानात परत द्यायची.

मामांची दुसरी बॅटरी

पुढच्या आठवड्यात मामा नवी बॅटरी घ्यायला निघाले. मामीही बरोबर गेल्या. मामांच्या खिशात एक चिठ्ठी होती. ती मामांनी स्वतः लिहिली होती. अक्षर वाकडेतिकडे होते, पण वाचता येत होते.

दुकानदाराने एक बॅटरी पुढे केली. "घ्या मामा, एक नंबर माल!"

मामांनी चिठ्ठी काढली. बॅटरीवर बोट ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला. मग म्हणाले, "माल चांगलाच असेल हो. पण ह्याच्यावर ६० लिहिलंय. मला ७५ पाहिजे. अन्‌ अधिकची खूण डावीकडं हाय. माझ्या गाडीला उजवीकडं लागती."

दुकानदार जरा थबकला. मग आतून दुसरी बॅटरी घेऊन आला. मामांनी तिची तारीख विचारली. कार्डावरचा नंबर मामींनी वाचला. पावती मागून घेतली. जुन्या बॅटरीचे पैसे पावतीत वजा करून घेतले.

दुकानाबाहेर आल्यावर मामी म्हणाल्या, "चारशे जास्त गेले की हो."

"जाऊ दे," मामा म्हणाले. "पुन्हा कुणाच्या लेकीबाळीला पहाटं रस्त्यावर बसवायची पाळी नको."

चिठ्ठीचा नमुना

मामांनी लिहिली तशी चिठ्ठी तुम्हीही लिहा. मोकळ्या जागा आपल्या गाडीचे पुस्तक पाहून भरा.

गाडीचे नाव व साल : ........
डिझेल की पेट्रोल : ........
व्होल्ट : ........
ॲम्पियर-अवर : ........
सुरुवातीचा जोर (सी सी ए) : ........
लांबी, रुंदी, उंची : ........
अधिकचा खुंट, डावा की उजवा : ........
तयार झाल्याची तारीख : ........
वॉरंटी, फुकट महिने : ........ सुटीचे महिने : ........
जुन्या बॅटरीचे वजा केलेले पैसे : ........

कठीण शब्द

अल्टरनेटर – इंजिन चालू असताना वीज तयार करणारे यंत्र.
टर्मिनल – बॅटरीचा शिशाचा खुंट.
वॉरंटी – माल बिघडला तर काय करू, हा कंपनीने लिहून दिलेला शब्द.
ताडून पाहणे – दोन गोष्टी शेजारी ठेवून त्या सारख्या आहेत का ते पाहणे.

प्रश्न

१. मामांची पहिली बॅटरी थंडीतच का बंद पडली?
२. नवी बॅटरी घेण्याआधी कोणत्या गोष्टी तपासाव्या?
३. इन्व्हर्टरची बॅटरी गाडीला का चालत नाही?
४. एक बॅटरी ४,८०० रुपयांची आहे आणि २४ महिने फुकट बदलून मिळते. दुसरी ६,३०० रुपयांची आहे आणि ३६ महिने फुकट बदलून मिळते. महिन्याचा खर्च काढा. कोणती परवडते?
५. तुमच्या घरी किंवा शेजारी मोटार, ट्रॅक्टर किंवा फटफटी असेल, तर तिच्या बॅटरीवरचे आकडे वाचा आणि वहीत लिहा.